मेन कोणी पाडला?

मी आणि माझ्या बायकोने, सुमनने, मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे घराचा मेन स्विच खाली पाडून बंद करणं. दुपारी लाइट गेली. मी छतावर, ती खाली. मी ओरडलो, "पाडला का?" ती खालून, "पाडला हो, लावा!" मी सोलरचं बटण दाबलं, पंखा फिरला, ती भेंडी चिरायला बसली. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

भूत-बीत मी मानत नाही, आधीच सांगतो. इंदूरला परदेशीपुऱ्यात मिलमध्ये वायरमन होतो. ज्या खात्यात एक माणूस मशीनमध्ये मेला, तिथे मी एकट्याने पाळ्या केल्या. काही दिसलं नाही. शिकलो चौथीपर्यंत, लिहिण्यात चूक झाली तर समजून घ्या.

मिल बंद पडली तेव्हा हातात टेस्टर आणि पक्कड, बस. घरोघरी फिटिंग करू लागलो. हाताखाली माणूस ठेवायची ऐपत नाही, म्हणून सुमन यायची. मीटरपाशी उभी राहून फ्यूज काढायची आणि ओरडायची. तिचा आवाज आल्याशिवाय मी तारेला हात लावला नाही. लोक हसायचे, "मिस्त्री बीवी से पूछ के काम करता है!" हसेनात का. जिवंत तर राहिलो.

आता आमच्या गल्लीत दर दुसऱ्या छतावर सोलर आहे, माझ्याही. पण बाहेरची लाइट गेली की सोलर आपोआप बंद होतो. तो नियमच आहे, नाहीतर आपला करंट उलटा बाहेरच्या तारेत जातो आणि खांबावरचा माणूस मरतो. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी सुमनला दमा, पंखा थांबला की तिचा जीव घाबरा व्हायचा. डोक्यावर एवढं ऊन आणि पंखा बंद! मी छतावर जुना इन्व्हर्टर जोडून सोलरला फसवलं, त्याला वाटायचं बाहेरची लाइट आहे. अट एकच... वरचं बटण दाबण्याआधी खाली मेन पाडायचा, म्हणजे घर बाहेरच्या तारेपासून तुटतं. ते काम सुमनचं.

तेरावं झालं. मुलगा पुण्याला परत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच होतो. दाराला आतून कडी. फ्रिजची घरघर ऐकत पडलो होतो, ती थांबली. लाइट गेली. मी उठलो, चपला घातल्या आणि जिना चढलो. डोक्यात काही नव्हतं. इतक्या वर्षांची सवय.

वरून ओरडलो, "पाडला का?"

"पाडला हो, लावा!"

मी बटण दाबलं.

पाच मिनिटं तरी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो असेन. मग समोर खांबावर डोकं दिसलं. लाइनमन. गल्लीत सोलर वाढले म्हणून जाड केबल टाकत होते. माझ्याच घराची तार त्याने खांबावरून सोडवली होती. टोक सोलून उघडं केलेलं, आणि ते उघडं तांबं त्याच्या बोटांत. हातमोजे नाहीत.

तेव्हा मला आठवलं, सुमन नाही.

म्हणजे खाली कोणी नाही. म्हणजे मेन वर. म्हणजे माझ्या छतावरचा करंट त्या पोराच्या हातात...

मी बटणावर झडप घातली आणि किंचाळलो, "भिया, तार छोड़!"

तो हसला. "काकाजी, मरी पड़ी है तार। कब से पकड़ के बैठा हूं। अंदर जाओ, धूप लग जाएगी।"

कब से. म्हणजे माझं बटण चालू असतानाही तारेत करंट नव्हता. मी पायऱ्या कशा उतरलो ते माहीत नाही. दाराची कडी लावलेलीच होती. मेनपाशी गेलो. दांडा खाली.

लोखंडी, जुना, गंजका दांडा आहे. मलाही दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. आपोआप पडत नाही. आणि लाइट जाईपर्यंत फ्रिज चालू होता, म्हणजे तोवर तो वरच होता. मी जमिनीवर बसलो. मी माणूस मारला असता. सुमनसाठी केलं म्हणून ते कमी होत नाही.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्हीच पाडला असेल, लक्षात नसेल." असेल. मी जिना चढताना मेनसमोरून जातो, हात गेला असेल. पण तो आवाज? आणि हात गेला असेल, तर मग मी विचारलं कुणाला? त्याच दिवशी संध्याकाळी मी ती सगळी जोडणी उपटून टाकली.

सकाळी तो लाइनमन उरलेलं काम करायला आला. मी खांबाखाली जाऊन बटणाचं, जोडणीचं सगळं सांगितलं, आपल्या तोंडाने. तो भराभर खाली उतरला. आधी शिव्या दिल्या. बरोबर दिल्या. "दो बच्चे हैं मेरे, काकाजी! पागल हो गए क्या?" मी मान खाली घालून ऐकलं.

मग त्याचा आवाज खाली आला. "फिर बचा कैसे मैं?"

"मेन गिरा हुआ था."

"किसने गिराया?"

"घरवाली ने."

त्याने हात पँटला पुसले, पायांतले बूट काढले. "काकीजी अंदर हैं? पैर पड़ने दो।"

मी त्याला थांबवलं नाही. दार उघडलं आणि बाजूला झालो. हार घातलेला फोटो समोरच आहे.