मिशीवाल्या काकांचा ओबा झाला

माझं शिवणकामाचं दुकान आणि काकांचं सलून यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही फळ्यांची. त्यामुळे गेली पंचवीस वर्षं काका पलीकडे जे जे बोलले ते सगळं मी इकडे मशीन चालवता चालवता ऐकलंय. आणि काका बोलत नाहीत असा दिवस उगवलेला नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावला की त्याला बोलता येत नाही, मग दोघांच्या वाटचं काकाच बोलतात.

काकांची ओळख म्हणजे त्यांची मिशी. गालापर्यंत गेलेली, टोकांना पीळ दिलेली आणि मधे इतकी दाट की वरचा ओठ कुणी पाहिला नव्हता. दुकानाच्या पाटीचा रंग उडाला तेव्हा मी म्हटलं, "नवी करून घ्या." तर म्हणाले, "मास्तर, पाटी कशाला? मी दारात उभा राहिलो की झालं." गल्लीतली मुलं त्यांना मिशीवाले काका म्हणायची आणि काकांना ते बिरुदासारखं वाटायचं. बोलता बोलता पैज लावायची त्यांना सवय. "उद्या पाऊस पडणार. नाही पडला तर मिशी उतरवीन." पाऊस पडायचा नाही, मिशी जागच्या जागी असायची, आणि काका पुढच्या पैजेला मोकळे.

घर दुकानाच्या वरच. मुलगा वीज खात्यात, दिवसभर खांबावर. सून दवाखान्यात नावं लिहून घेण्याच्या खिडकीवर. त्यांची एकुलती एक लेक दिवसभर आजी-आजोबांकडे. पोर हसरी आणि अंगानं गुटगुटीत, पण पावणेदोन वर्षांची झाली तरी तोंडातून एक शब्द नाही. वहिनी, म्हणजे काकांची बायको, ते कुणाला मनावर घेऊ द्यायची नाही. "हिचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता," ती म्हणायची, "आता थांबतोय का बोलायचा?"

एके दिवशी पोरीचे केस डोळ्यांवर यायला लागले म्हणून काकांनी तिला खाली आणलं. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकली, तीवर तिला बसवलं आणि कात्रीनं पुढची बट कापली. मग कानामागची लव काढायला मशीन सुरू केलं. काकांनी आयुष्यात शेकडो पोरांचे केस कापलेत. कानाशी मशीन घरघरलं की मूल खांदा वर उचलतं. गरीब असो की द्वाड, उचलतंच. हिचा खांदा हललाच नाही. काकांनी मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं, दुसऱ्या कानाशी नेलं. पोर आरशातल्या स्वतःला वाकुल्या दाखवण्यात गुंग. मशीन मानेला टेकलं मात्र, गुदगुल्या होऊन खिदळली.

मला हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच जाणवलं की भिंतीपलीकडे काका बोलायचे थांबलेत. मी मशीनवरचा पाय काढला आणि पाहायला गेलो.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "हिच्या मागे उभे राहा आणि टाळी वाजवा." आधी त्यांनी आरशावर टॉवेल टाकला, तिला मी दिसू नये म्हणून. मी जोरात टाळी वाजवली. मग आणखी जोरात. पोर टॉवेलाची किनार ओढत बसली होती.

त्या संध्याकाळी काकांनी मुलाला आणि सुनेला खाली बसवून सगळं सांगितलं. सून रडली. वहिनी आधी चिडली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. पण आठवड्याच्या आत तपासणी झाली. दोन्ही कानांना फार कमी ऐकू येत होतं. यंत्रं लावली तर बरंच ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणाले. कानामागे बसणारी दोन छोटी यंत्रं आली. पोर ती ओढून काढायची आणि दूध प्यायच्या पेल्यात टाकायची. मग मी मऊ सुती कापडाची एक पट्टी शिवली, डोक्यावरून घालायची, दोन्ही बाजूंना यंत्रं अडकवायला दोन नाकी. ती तिला आवडली, कारण मी पट्टीवर पिवळं बदक काढलं होतं.

यंत्रं लावून ती पहिल्यांदा सलूनमध्ये आली तेव्हा काका सवयीनं रिकामी कात्री चालवत होते. चक चक चक. पोर थबकली. कात्रीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि बोट दाखवलं. काकांनी पुन्हा चालवली. तिनं पुन्हा बोट दाखवलं. अर्धा तास काका हवेचे केस कापत होते आणि बाकावरची तीन गिऱ्हाइकं आपली डोकी विसरून बघत होती.

पण यंत्रं आवाज देतात, शब्द देत नाहीत. ते शिकवायला एक बाई होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जायचं, आणि उरलेले दिवस घरच्यांनी शिकवायचं. पहिल्या दिवशी काका आणि वहिनी दोघंही गेले. बाई म्हणाल्या, "ओरडायचं नाही. समोर बसायचं, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे. थोडं बोलायचं, तेच पुन्हा बोलायचं आणि मग थांबायचं. तिला उत्तर द्यायला वेळ द्यायचा. घरात मोठा आरसा असला तर फारच छान."

काकांची छाती फुगली. "बाई, माझ्या दुकानात समोरासमोर दोन आरसे आहेत. खुर्ची पायानं दाबली की वर होते. दिवे तर असे आहेत की गालावरचा एक केस चुकत नाही."

"उत्तम," बाई म्हणाल्या आणि क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "फक्त एक अडचण आहे."

"मी सांगते," वहिनी म्हणाली. "मिशी."

मुलं ओठ बघून शिकतात, बाईंनी समजावलं. काकांचे ओठच दिसत नव्हते. पार उतरवायला हवी असं काही नाही, ओठ मोकळे झाले तरी पुरे, असंही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी काकांनी मला बोलावलं. "साक्षीदार पाहिजे," म्हणाले. स्वतः गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, अंगावर कापड घेतलं आणि कात्री हातात धरून बराच वेळ आरशात बघत राहिले. मग ओठांवरची मिशी कापली. जे उरलं ते भांडी घासायच्या ब्रशासारखं दिसत होतं. मी गंभीर राहण्याचा प्रयत्न केला.

"हसा," काका म्हणाले. "ही अशी ठेवण्यापेक्षा नसलेली बरी." फेस लावला, वस्तरा घेतला आणि डावी बाजू साफ केली. तेवढ्यात दार ढकलून एक जुनं गिऱ्हाईक आत आलं. त्यानं अर्ध्या मिशीच्या काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाकावर बसलं आणि वर्तमानपत्र उघडून म्हणालं, "होऊ द्या तुमचं. कुठली पैज हरलात?"

"हरलो नाही," काका म्हणाले आणि उजवी बाजू उतरवली.

यात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. पोरीला शब्द नव्हते, पण आजोबांसाठी तिनं स्वतःची खूण केली होती. नाकाखाली बोट धरून पीळ द्यायचा, म्हणजे आजोबा. कुठे गेले आजोबा, बोलाव आजोबांना, सगळं त्या एका पिळात. आता काका उत्साहानं वर गेले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हसले. पोरीनं त्या गुळगुळीत माणसाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. आईच्या पदराआड जाऊन नाकाखाली बोट फिरवत राहिली. आजोबा कुठे? आणि समोरचे आजोबा हताशपणे स्वतःच्या छातीवर बोट ठेवत होते.

दोन दिवस ती त्यांच्याकडे गेली नाही. ते दोन दिवस भिंतीपलीकडून मला फक्त कात्री ऐकू आली. तिसऱ्या दिवशी वहिनी पोरीला कडेवर घेऊन खाली आली. "काहीतरी करा हो," म्हणाली. "ही जेवत नाही आणि तुम्हीही जेवत नाही. मी शिजवायचं कुणासाठी?"

काकांनी थोडा विचार केला. मग दाढीचा ब्रश फेसात बुडवला आणि स्वतःच्या ओठावर फेसाची पांढरीशुभ्र मिशी काढली, दोन्ही टोकांना पीळ देऊन. पोर बघत राहिली. तिचं बोट हळूच नाकाखाली गेलं. काकांनी मान हलवली. ती वहिनीच्या कडेवरून वाकली, हातानं तो फेस पुसला, आणि खाली तोच गुळगुळीत माणूस. तिनं त्यांचे डोळे पाहिले, कान ओढून पाहिले. मग ब्रशाकडे बोट केलं. पुन्हा काढ. काकांनी पुन्हा काढली, तिनं पुन्हा पुसली आणि या वेळी अशी हसली की मी माझ्या दुकानात जाऊन डोळे पुसले. त्या दिवशी फेसाची एक अख्खी ट्यूब संपली आणि वहिनीलाही मिशी आली.

तेव्हापासून दुपारी एक ते तीन सलूनला कुलूप नसलं तरी गिऱ्हाइकाला प्रवेश नसायचा. पोर उंच केलेल्या खुर्चीत, काका शेजारी स्टुलावर, दोघंही आरशात. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती गुंडाळायच्या पातळ कागदाची पट्टी काका तोंडासमोर धरायचे आणि म्हणायचे, "प." पट्टी उडायची. "म." पट्टी हलायची नाही, पण गालाला हात लावला तर थरथर कळायची. पोर त्यांच्या गालावर हात ठेवायची, मग स्वतःच्या. प, प, प. म, म, म. मी इकडे कापड बेततानाही तेच पुटपुटायला लागलो होतो. सर्वांत कठीण होतं ते थांबणं. एकदा बोलून झालं की गप्प बसायचं आणि तिची वाट बघायची, हे काकांना जमेना. शेवटी ते मनातल्या मनात दहा आकडे मोजायला लागले. "मास्तर," एकदा मला म्हणाले, "दहा आकडे केवढे लांब असतात हो."

आठ महिने असे गेले. काका रोज शेवटी आरशात स्वतःकडे बोट दाखवून म्हणायचे, "आजोबा." आणि दहापर्यंत मोजायचे.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी धड्याची वेळही नव्हती. संध्याकाळ होती, काका एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते आणि पोर बाकावर पाय हलवत बसली होती. तिला पाणी हवं होतं. तिनं आरशात काकांची नजर पकडली, ओठ गोल केले, मग मिटले आणि उघडले.

"ओबा."

काकांनी आधी वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापासून दूर नेऊन खाली ठेवला. मग विचारलं, "काय म्हणालीस?"

"ओबा," ती म्हणाली आणि पेल्याकडे बोट दाखवलं.

अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक स्वतः उठलं आणि पाणी भरून घेऊन आलं, कारण काका तिला मांडीवर घेऊन बाकावर बसले होते आणि हलायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी उलगडा केला. आजोबा शब्दातला 'आ' म्हणजे नुसतं उघडं तोंड, आणि 'ज' तोंडाच्या आत होतो, ओठांवर दिसत नाही. दिसतो तो 'ओ' आणि दिसतो तो 'बा'. पोरीनं जेवढं दिसलं तेवढं प्रामाणिकपणे म्हटलं होतं. "हळूहळू सुधारू," बाई म्हणाल्या. काका म्हणाले, "सुधारू नका."

वहिनीची मात्र पंचाईत झाली. "म्हणजे 'आजी'त ओठ एकदाही मिटत नाहीत?" तिनं आरशासमोर म्हणून पाहिलं. खरंच मिटत नव्हते. "दूध मी देते, न्हाऊ मी घालते, आणि नाव मात्र यांचं." बाईंनी विचारलं, "तुम्हाला 'माई' चालेल? 'म' तिला येतो."

वहिनीनं आरशाकडे पाठ केली. माई हे तिच्या सासूचं घरातलं नाव होतं, आणि त्या दोघींचं वीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. मीठ किती घालायचं इथपासून खिडकी उघडी ठेवायची की बंद इथपर्यंत. हसू दडवायला आता मिशीही नव्हती म्हणून काका तोंड फिरवून उभे राहिले. पण चार दिवसांनी पोरीनं जिन्यावरून "माई" अशी हाक मारली, तेव्हा वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. संध्याकाळी मला म्हणाली, "सासूबाई स्वर्गात बसून म्हणत असतील, शेवटी माझ्याच जागेवर आलीस." आणि पोट धरून हसली.

आता ती पोर सात वर्षांची आहे आणि शाळेत जाते. 'स' आणि 'श' अजून तिला चकवतात, गोंगाटात तिला नीट कळत नाही, दमली की यंत्रं काढून ठेवते आणि हातांनी बोलते. आम्हा सगळ्यांना त्या खुणा येतात. गल्लीत काकांसाठी अजूनही नाकाखाली पीळच देतात, मिशी असो नसो. पण लहान-मोठे सगळे त्यांना ओबा म्हणतात. दूरवरून लोक आपली मुलं केस कापायला त्यांच्याकडे आणतात, कारण ओबा मशीन आधी मुलाच्या हातात देतात, समोर येऊन बोलतात आणि उत्तराची वाट बघतात. मोठ्या गिऱ्हाइकांनाही आता वाक्य पुरं करायला मिळतं. एक जण तर म्हणाला, वीस वर्षं येतोय, मला दोन मुलगे आहेत हे यांना यंदा कळलं.

परवा मी केस कापायला बसलो होतो. पोर बाकावर गृहपाठ करत होती. ओबा दातांत फणी धरून माझ्याशी काहीतरी बोलत होते. तिनं वही बाजूला ठेवली, येऊन आमच्या मधे उभी राहिली आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "ओबा, आधी तोंडातली फणी काढ. मग बोल. मास्तरांना काही कळत नाहीये."

ओबांनी फणी काढली आणि सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.