फुगलेला भ

सत्तरच्या दशकात मला कोपऱ्यांचा फार राग होता. अक्षराला टोक दिसलं की माझे हात शिवशिवायचे. मुंबईत कुठल्याशा आइस्क्रीमच्या पाटीवर मी जाडजूड, गोलमटोल इंग्रजी अक्षरं पाहिली आणि ठरवलं, आपल्या मराठीलाही असंच खाऊनपिऊन सुखी करायचं. ती तोवर उपाशीच होती, असं माझं ठाम मत होतं.

पद्धत सोपी. मोठ्या वळणाला चहाची बशी, लहान वळणाला वाटी, आणि मग आत रंग ठासून भरायचा. आमच्या जूचंद्र गावात मी सोड्याचं दुकान रंगवलं, एका टेम्पोची पाठ रंगवली, लग्नाची एक कमानही रंगवली. कमानीवर 'शुमविवाह' झालं होतं. पण तो शब्द कुणी वाचत नाही, नुसता बघतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मग आईच्या भजनी मंडळाला विरारच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. बायका पहिल्यांदाच गावाबाहेर गाणार होत्या. आईला वाचता येत नव्हतं, आणि तिकडचे लोक आपल्याला गावंढळ म्हणून हसतील याची तिला भारी धास्ती.

"बोर्ड तूच रंगव," ती म्हणाली. "अक्षरां अशी काढ का पार मागं बसलेल्यालाबी दिसतील. आनि कोनी हसाला नको, येवढाच बघ."

मी जीव ओतला. पिवळ्या कापडावर लाल अक्षरं, एकेक म्हणजे भरलं वांगं. आता 'भ'ची गोष्ट अशी, की त्याच्या डोक्यावरची रेघ डावीकडे जराशी तुटलेली असते. तेवढ्या फटीवर तो 'म'पासून वेगळा राहतो. माझ्या रेघेची जाडी बघता फट उरणं शक्यच नव्हतं.

स्टेजवर कापड लागलं. माइकवरच्या गुरुजींनी चष्मा सावरला आणि अगदी प्रामाणिकपणे वाचलं, "यानंतर, जूचंद्रचं महिला मजनी मंडळ!"

मंडपात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "मजनीबाई, तुमचा मजनू कुठाय?"

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. "काय लिवलास रं?"

मी तिला रेघेतल्या फटीचं शास्त्र समजावू लागलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिने पुरतं ऐकलंही नाही. टाळ असे काही वाजवले की गुरुजी माइक सोडून बाजूला झाले. पहिल्या भजनाला लोक हसत होते, तिसऱ्याला टाळ्यांनी ठेका धरत होते. नंबर मात्र आला नाही.

पंधरा दिवसांनी गोखिवऱ्याहून गणपतीचं आमंत्रण आलं. निरोप होता, "त्या मजनीवाल्या बायका पाठवा." मी लाजेने लगेच पिवळा रंग कालवला आणि 'भ'च्या डोक्यावर फट पाडायला बसलो. आईने येऊन हातातला ब्रश काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "भजनी मंडलां तिकडं धा होती. मजनी आपलाच होता."