ईस्टरनंतरचा बुधवार

"मॅडम, आम्ही बाहेर पडतोय. बाबांना पुतळा दिसलाच नाही."

फ्लॉरेन्सहून सुजाता तारीचा फोन आला तेव्हा दादरच्या आमच्या ऑफिसात दुपारचे दोन वाजले होते. तिकडे साडेदहा. माझ्या हिशोबाने त्या वेळी तिथे गर्दी नसायला हवी होती.

युरोपच्या टूर्स आखायचं काम मी अठरा वर्षं करते आहे. एप्रिलमधली मोठी अडचण ईस्टर. तो दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो, आणि त्याच्या आगेमागे तिकडच्या शाळांना सुट्टी असते. घरंच्या घरं फिरायला निघतात. मी शक्यतो ते दिवस टाळते. इथे टाळता येत नव्हते. सुजाता परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, तिला रजा तेव्हाचीच मिळाली होती. तिचे वडील रघुनाथ तारी लालबागचे मूर्तिकार. त्यांना तिथल्या संग्रहालयातला तो जगप्रसिद्ध संगमरवरी पुतळा बघायचा होता, पण काचबिंदूने नजर आकसत चालली होती. पुढच्या वर्षावर ढकलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पहिल्या भेटीत मी गर्दीचं सांगितलं तेव्हा काका हसले.

"गर्दी माका सांगतंस, बाय? लालबागात जन्म गेलो."

मग त्यांनी मुठीची नळी करून डोळ्याला लावली. "आता माका इतक्याच दिसता. जवळ गेलंय तर नुसतो गुडघो दिसतलो. आख्खो पुतळो बघूचो तर वीस पावलां लांब रवाक व्हया. आणि मधी कोण नको."

म्हणजे मला पुतळ्याचं तिकीट काढून भागणार नव्हतं. त्याच्यासमोरची वीस पावलं मोकळी जागा मिळवायची होती.

मी कॅलेंडर घेऊन बसले. इटलीतल्या शाळा ईस्टरनंतर बुधवारी उघडत होत्या. म्हणून बुधवार, सकाळी दहाचा स्लॉट. स्लॉट म्हणजे आत जायची ठरवून दिलेली वेळ. प्लॅनवर मी खूश होते.

"काय झालं तिथे?" मी सुजाताला विचारलं.

"शाळांच्या सहली आल्यात. चार-पाच तरी. बाबांना बाजूचं दिसत नाही ना, मुलं येऊन आदळतात. एकदा पडता पडता वाचले. आता म्हणतात, चल, नको."

मी डोक्याला हात लावला. शाळा उघडल्या म्हणजे मुलं वर्गात बसली, असं मी धरून चालले होते. ती मास्तरांबरोबर संग्रहालयात आली होती.

सहली सकाळी येतात आणि दुपारनंतर परततात. मी शेवटचा स्लॉट शोधला. त्या दिवसाचा भरलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची व्हेनिसची ट्रेन होती. शुक्रवारी व्हेनिसहूनच परतीचं विमान.

आमचे प्रधान सर म्हणाले, "व्हेनिस कापू नकोस. उद्या तक्रार येईल."

"तक्रार आली तर माझ्या नावावर घ्या, सर. चूक माझीच आहे."

मी परत फोन लावला, चूक कबूल केली आणि पर्याय सांगितला. गुरुवारी फ्लॉरेन्सलाच राहायचं, व्हेनिस सोडायचं. व्हेनिस सुजाताच्या आग्रहावरून घेतलं होतं. वडिलांच्या औषधपाण्यात तिची बरीच वर्षं कुठे जाणं झालं नव्हतं. मागून काकांचा आवाज आला, "पोरीचा व्हेनिस कापू नको, बाय."

"स्लॉट घ्या, मॅडम," सुजाता म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी तिने एक फोटो पाठवला. लांबलचक दालन, टोकाला तो पुतळा, अलीकडे पाठमोरे काका. मधे कोणी नाही. सुरक्षारक्षक बंद व्हायची वेळ झाली म्हणून सांगायला येईपर्यंत ते तिथेच उभे होते म्हणे.

परतल्यावर काका ऑफिसात आले. पुतळा कसा वाटला, मी विचारलं.

"हात मोठो केल्यान हा."

"चुकलाय?"

"चुकलो कसलो! खालसून बघणाऱ्याक बारीक दिसूचो नाय म्हणान मुद्दाम केल्यान." मग हळूच म्हणाले, "सुजाताचा व्हेनिस तेवढा बघूचा रवला."

ते खरंच होतं. तिच्या वाट्याला व्हेनिसचा विमानतळ आला. तिने तक्रार केली नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं.

आता एप्रिलची टूर आखताना शाळा कधी बंद होतात तेवढंच मी बघत नाही. उघडल्यावर मास्तर मुलांना कुठे नेतात, हेही विचारून घेते.