मास्तरांचा डावा कान

आमच्या गावच्या चौकात मास्तरांचा अर्धपुतळा आहे. खाली दगडावर कोरलंय की पाण्याच्या हक्कासाठी मास्तरांनी मार खाल्ला, कान गमावला, पण हात उचलला नाही. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस, तरी तेवढं वाचता येतं. हात उचलला नाही हे खरं. मार खाल्ला हेही खरं. कान मात्र गावानं घेतला नाही. तो मी घेतला.

गोष्ट दुष्काळाच्या सालातली. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, आम्ही उस्मानाबादेत मोडायचो. आमच्या वस्तीचा आड आटला. पाणी राहिलं होतं ते गावच्या बारवेत, आणि बारवेच्या पायऱ्या आम्हाला बंद. गावातल्या बायका वरून आमच्या घागरीत पाणी ओतायच्या, हातभर उंचीवरून, शिवाशिव नको म्हणून. अर्धं मातीत जायचं. दुष्काळ वाढला तसं तेही थांबलं. "माती लई पाणी पितीया," असं एक बाई म्हणाली आणि कळशी उचलून निघून गेली.

मास्तर आमच्याच वस्तीतले. नांदेडला बोर्डिंगात राहून शिकले, मास्तर झाले, आणि त्या साली नोकरी सोडून गावात येऊन बसले. त्यांनी ठरवलं, सगळ्यांनी मिळून बारवेत उतरायचं आणि आपल्या हातानं पाणी भरायचं. शिवी दिली तर ऐकायची, मारलं तर खायचं, हात उचलायचा नाही. नुसतं सांगून हे जमत नाही म्हणून आठ दिवस तालीम ठेवली. दिवसभर सडकेच्या कामावर खडी फोडायची, तिथली सुकडी खायची, आणि दिवस मावळताना विहारासमोर ओळीनं घागरी घेऊन बसायचं. एकानं पाटील व्हायचं आणि बसलेल्यांना शिव्या द्यायच्या, ढकलायचं, मारायचं.

पहिल्याच दिवशी मास्तर सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तू बारवेवर यायचं नाही. मार खाऊन गप बसणारा गडी नाहीस तू. तू पाटील हो."

वस्ती हसली. एक म्हातारी कमरेत वाकून म्हणाली, "जोहार, पाटील!" मग आणखी हसली. वस्तीत माझ्याइतका ताकदीचा दुसरा नव्हता, आणि मलाच घरी ठेवणार होते.

मी फेटा बांधला. खोटं कशाला लिहू, मला ते गोड लागलं. बापानं आणि आज्यानं खाल्लेल्या सगळ्या शिव्या माझ्याजवळ शिल्लक होत्या. त्या मी माझ्याच माणसांना दिल्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हातारीला, तिच्या मेलेल्या लेकावरून, मी असं काही बोललो की ती घागर टाकून उठली. मास्तर म्हणाले, "बसा माय. तिथं याहून वाईट ऐकावं लागंल." ती बसली. मी मनात म्हणालो, घे आता जोहार.

आठव्या दिवशी तीच बोलली, "मास्तर, आमाला समद्यांला बडवून घेतलं. तुमी कोरडेच व्हय?"

मास्तर घागर घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसले. "मार," म्हणाले.

मला हलकं मारता आलं असतं. खडी फोडणाऱ्याला आपल्या हाताचा अंदाज असतो. मी पुरा हात आणला.

मास्तर आडवे झाले, परत उठून बसले. डाव्या कानातून रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. "माझे हात बघा, कुठं आहेत," ते वस्तीला म्हणाले. दोन्ही हात घागरीवर होते. मग माझ्याकडे वळले. "उद्या तू चल. माझ्या डाव्या बाजूला उभा राहा. तुझा राग निघाला आता."

निघाला नव्हता. पण गेलो.

सकाळी पायऱ्या उतरलो तेव्हा वर सगळं गाव जमलं होतं. खऱ्या पाटलाच्या हातात मला दगड दिसला. "मास्तर, वाका!" मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडलो. ते शांतपणे घागर बुडवत राहिले. दगड तोंडावर बसला, पुढचे दात पाण्यात पडले. तशाच तोंडानं त्यांनी घागर भरली आणि वर चढले. मग आम्ही भरल्या. पाठीवर काठ्या मीही खाल्ल्या आणि हात उचलला नाही. ते कुठं कोरलेलं नाही.

त्या संध्याकाळी मास्तरांनी वस्तीला सांगितलं, "कानसुद्धा बारवेवर गेला म्हणा. आपल्याच माणसानं फोडला कळलं तर गाव हसंल, आणि हा गडी आपल्यातून उठंल." वस्तीनं तोंड बंद ठेवलं. तालमीतली माणसं एकेक करत संपली. म्हातारी पहिली गेली, तीही अंथरुणातून मला जोहार घालून.

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याचे कलेक्टर गावात नळाच्या कार्यक्रमाला आले. पाटलाच्या मुलानं मास्तरांना हार घातला आणि माईकवर बापाच्या वतीनं माफी मागितली, दातांची आणि कानाची. पाटील तोवर थकला होता. त्यानं मला मंडपामागं चहाच्या गाड्याजवळ गाठलं.

"दगड मारला, कबूल हाय. पण कानाला म्या हात लावला न्हाई रं. कुणीच लावला न्हवता. पोरगं घरात माझ्याशी बोलंना झालंय. तू शेजारी होतास, त्याला एवढं सांग."

"लावला होता," मी म्हणालो. "काठीनं. म्या बघितलं."

"काठी माझ्याकडं कुठं होती?"

"दुष्काळात माणसाच्या ध्यानात राहत न्हाई, पाटील."

तो आपल्याच हाताकडे बघत राहिला. त्याला स्वतःचीच शंका आली, हे मला दिसलं. मी चहा संपवला. इतका गोड चहा मी जन्मात प्यालो नाही. वर्षाच्या आत तो गेला. मुलगा शेवटपर्यंत बोलला नाही म्हणतात. तो मुलगा आता स्वतः म्हातारा झालाय, मास्तरांच्या दर पुण्यतिथीला मला पुढची खुर्ची देतो. त्यानं हे वाचावं. तोंडानं मी सांगणार नाही.

मास्तर नांदेडच्या दवाखान्यात शेवटच्या आजारात होते तेव्हा मी भेटायला गेलो. खाट भिंतीला लागून नव्हती, दोन्ही बाजूंना स्टुलं होती. मी डावीकडच्या स्टुलावर बसलो, त्या कानाशी वाकलो आणि माफी मागितली. ऐकू जाणार नाही हे धरूनच.

मास्तरांनी हळूहळू मान फिरवली आणि उजवा कान माझ्याकडे केला.

"काय म्हणालास?"

"काही नाही. पाणी पाहिजे का, विचारलं."

"दे."

त्यांना डोकं उचलवत नव्हतं. हात मानेखाली घालून उचलायला हवं होतं. मी घातला नाही. गडवा वरच धरला आणि त्या बोळक्या तोंडात पाणी ओतलं. अर्धं उशीत गेलं.