पाणीवाला अनाक्लेतो

साओ ब्राझ गावात कुणालाही विचारा, अनाक्लेतो झांबोन कुठे राहतो, तर लोक क्षणभर विचारात पडतील. पाणीवाला कुठे राहतो असं विचारलं, तर शेंबडं पोरही हात धरून दारापर्यंत नेऊन सोडेल. आयुष्यभर इंजिनं उघडणाऱ्या माणसाला हे नाव कसं चिकटलं, ते मात्र तो स्वतः कधी नीट सांगत नाही. "होती एक चूक," म्हणतो आणि कॉफीचा कप तोंडाला लावतो.

वर्कशॉप बंद करून त्याला बरीच वर्षं झाली. हल्लीच्या गाड्यांचं त्याला काही कौतुक नाही. पेट्रोल घाला, उसाचं अल्कोहोल घाला, दोन्ही मिसळून घाला, त्यांना कशाचंच सोयरसुतक नसतं. किल्ली फिरवली की चालू. जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, उसाच्या शेतांवर दहिवर पडायला लागलं की म्हातारा अनाक्लेतो सकाळी दारात खुर्ची टाकून बसतो आणि कान देऊन ऐकतो. गल्ली शांत असते. वर्कशॉप चालू होतं त्या काळात सकाळी या गल्लीत काय गोंगाट असायचा! गाड्या खोकायच्या, शिंकायच्या, घरमालक गाडीच्या आईबापाचा उद्धार करायचा, शेजारी पायजम्यातच ढकलायला यायचे आणि उतारावर एकदाची गाडी सुरू झाली की बायका खिडकीतून टाळ्या वाजवायच्या. आता कुणाला कुणाची गाडी ढकलावी लागत नाही. अनाक्लेतोला याचं वाईट वाटतं, आणि तो ते बोलूनही दाखवतो.

पेट्रोल महागलं होतं तेव्हाची गोष्ट. शनिवार-रविवार पंपांना कुलूप असायचं. गावाच्या चारी बाजूंना मात्र ऊसच ऊस, आणि नदीपलीकडच्या कारखान्यात अल्कोहोल नुसतं वाहत होतं. सरकारने सांगितलं, जुन्या पेट्रोलच्या गाड्या अल्कोहोलवर करून घ्या. पण करायच्या त्या मान्यता मिळालेल्या वर्कशॉपमध्येच. आमची माणसं कसली ऐकतात! कुणी घरीच कार्बुरेटरला ड्रिलने भोकं पाडली, कुणाची टाकी आतून गंजून चाळणी झाली. अनाक्लेतोला असला चोरटा मामला नको होता. त्याला भिंतीवर सरकारी पाटी हवी होती. कारण पाटी मिळालेलं जवळचं वर्कशॉप थेट शहरात होतं, आणि तिकडे एकदा गेलेली गाडी मग ब्रेकसाठीही तिकडेच जाते. त्याची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून जाऊ लागली होती. पाटी मिळाली नाही तर वर्कशॉप फार दिवस टिकणार नाही, हे त्याला कळत होतं.

म्हणून त्याने स्वतःची निळी गाडी, फोर्मोझा, नमुना म्हणून तयार केली. इंजिनाचं हेड घासून दाब वाढवला, कार्बुरेटरचे जेट मोठे केले, टाकीला आतून कल्हई केली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा अल्कोहोलवर चालली, त्या दिवशी जे घडलं ते मान्यतेपेक्षाही मोठं होतं.

अनाक्लेतोचा बाप फिओरिंदो. सगळं गाव त्याला नोनो, म्हणजे आजोबा, म्हणायचं. टेकडीवरच्या छोट्या भट्टीत त्याने जन्मभर उसाची दारू गाळली. तांब्याच्या भांड्यावर नाक नेऊन तो माल कसा उतरलाय ते सांगायचा. पोराने भट्टी सोडून मोटारी धरल्या, ते त्याला आवडलं नव्हतं. वर्कशॉप उघडल्यापासून त्याने त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. "पेट्रोलच्या वासाने मळमळतं मला," एवढंच म्हणायचा. रविवारी जेवायला गेलं की आधी पोराचे हात हुंगायचा आणि मगच पोलेंताची, मक्याच्या घट्ट लापशीची, थाळी पुढे सरकवायचा. चाळिशी ओलांडलेला अनाक्लेतो बापाकडे जाण्याआधी लिंबू चोळचोळून हात धुवायचा.

त्या दिवशी नोनो रस्त्याने चालला होता. फोर्मोझाच्या धुराचा वास आला आणि तो थबकला. मग हळूहळू आत आला, गाडीच्या मागे गेला, टोपी काढून धुराच्या नळीपाशी वाकला.

"अगं दिर्से," त्याने सुनेला हाक मारली, "ही तर आपल्यातलीच निघाली गं!"

दुसऱ्या दिवसापासून नोनो रोज वर्कशॉपमध्ये. स्टूल टाकून बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवून फोर्मोझाचा धूर हुंगायला लावायचा. अनाक्लेतोच्या कामाचा वेग निम्म्यावर आला, पण असा आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता. आजही तो वर्कशॉपची आठवण काढतो, तेव्हा त्याला आधी ते स्टूल दिसतं.

नोनोला सगळं समजून घ्यायचं असायचं. एकदा बॉनेटखालच्या प्लास्टिकच्या छोट्या टाकीवर बोट ठेवून म्हणाला, "हे काय आणखी?"

"बाबा, थंडीत अल्कोहोल लवकर पेटत नाही. म्हणून यात थोडं पेट्रोल. सकाळी बटण दाबायचं, पहिला घोट हिला यातला द्यायचा. मग दिवसभर ऊस."

"पहिला घोट," नोनो विचारात पडला. "बरं, बरं."

आता आमच्याकडे पहिला घोट कुणाचा असतो, ते लहान पोरालाही ठाऊक आहे. दारूचा पेला हातात घेतला की आधी थोडी जमिनीवर ओतायची, ती संताची. मगच आपण प्यायची. नोनोने उभ्या जन्मात संताचा वाटा कधी चुकवला नव्हता. आणि इथे त्याच्या पोराची गाडी रोज उसाचं पीत होती आणि पहिला घोट पेट्रोलचा घेत होती! थंडीत खोकणार नाही तर काय करणार? पण हे तो कुणाला बोलला नाही.

तपासणी थंडीतच व्हायची. नियम असा की गाडी रात्रभर उघड्यावर उभी करायची आणि सकाळी तीन प्रयत्नांत सुरू झाली पाहिजे. कार्नेइरो नावाचे इंजिनियर साहेब राजधानीहून आले. तशात त्यांना सर्दी झालेली. रुमाल नाकावरून हटत नव्हता. झाडून सगळी गल्ली जमली होती. जळलेल्या उसाच्या राखेचे काळे कण अंगणात उडत होते. नोनो सणाचा कोट घालून पुढे उभा होता.

अनाक्लेतोने बटण दाबलं, किल्ली फिरवली. फोर्मोझा नुसती घरघरली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर घरघरही केविलवाणी झाली.

"उघडा," साहेब म्हणाले.

अनाक्लेतोने बॉनेट उघडलं, छोट्या टाकीचं झाकण फिरवलं आणि तो जागच्या जागी थिजला. पेट्रोलचा वास नव्हताच. जुन्या लाकडी पिंपाचा, गोडसर, उबदार वास. हा वास त्याने चालायला शिकण्याआधी ओळखला होता. त्याने मान वळवून बापाकडे पाहिलं. नोनोचा चेहरा अभिमानाने फुलला होता. घाबरू नकोस, सगळं केलंय मी, अशी त्याने हाताने खूण केली.

"काय भरलंय यात?" साहेबांनी रुमालाआडून विचारलं.

"पाणी गेलंय, साहेब."

"पाणी? हे बघा, कुणी मुद्दाम छेडछाड केली असेल तर आत्ताच सांगा. तसं असेल तर मला उद्या पुन्हा तपासणी घेता येते."

एक वाक्य बोललं की पाटी उद्या भिंतीवर लागणार होती. अनाक्लेतोने झाकण घट्ट बसवलं.

"नाही साहेब. टाकी मीच भरली. माझीच चूक."

कार्नेइरो साहेब नापास लिहून निघून गेले. पुढची तपासणी पुढच्या थंडीत.

त्याच दुपारी टाकी धुताना दिर्सेला वास आला आणि तिचा पारा चढला. "तुझ्या बापाने आपला संसार बुडवला, आणि तू तोंड शिवून उभा? जा, सांग त्याला!"

"काय सांगू? इतक्या वर्षांनी माणूस दारात आलाय, दिर्से. हे कळलं तर परत कधी पाय ठेवणार नाही."

"आणि खायचं काय? त्याच्या पायाची धूळ?"

अनाक्लेतोने हत्यारं उचलली. ते वर्ष त्याने कसंबसं काढलं. कारखान्याचे पंप दुरुस्त केले, ट्रॅक्टरखाली चिखलात लोळला, लेथ मशीन विकून टाकलं. आणि नोनो? नोनोने तर कमालच केली. दाल्वाच्या गुत्त्यात बसून तो रोज पोराची टर उडवायचा. "माझ्या पोराने गाडीत पाणी भरलं! अरे, मी जन्मात दारूत पाणी घातलं नाही, आणि याने गाडीत घातलं!" लोक खो खो हसायचे. पाणीवाला हे नाव तिथेच पडलं. ते कानावर आलं की दिर्सेच्या डोळ्यांत पाणी यायचं. अनाक्लेतो मात्र स्टुलावरची धूळ पुसून ठेवायचा, कारण थोड्या वेळात नोनो यायचा असे.

पुढच्या जूनमध्ये तपासणीच्या आदल्या संध्याकाळी दिर्सेने घरातल्या सगळ्या बाटल्या कुलपात घातल्या आणि बॉनेटला साखळी बांधली. सकाळी साहेब यायच्या आधीच नोनो आला. तोच कोट, आणि कोटाच्या खिशातून डोकावणारी बाटली. दिर्से केरसुणी घेऊन गाडीपुढे उभी राहिली.

"नोनो, एक पाऊल पुढे टाकायचं नाही, सांगून ठेवते!"

नोनो केरसुणीला वळसा घालून पुढच्या चाकापाशी गेला, गुडघे धरून कष्टाने खाली वाकला आणि बाटलीतली थोडी दारू जमिनीवर ओतली.

"यंदा जमिनीवरच," तो म्हणाला. "आत ओतलेली संताला पोचत नाही."

अनाक्लेतोच्या हातातलं फडकं गळून पडलं. "बाबा... तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?"

"तू झाकण उघडलंस, वाऱ्याबरोबर इकडे वास आला. मी जन्मभर नाकावर जगलो रे. आधी वाटलं, माल तर आपलाच आहे, दोष दुसरीकडेच असेल. मग तू म्हणालास, पाणी गेलंय. तेव्हा कळलं, मी काय करून बसलो."

"मग वर्षभर माझी टिंगल कशाला केलीत?"

"तू चारचौघांत, साहेबासमोर चूक अंगावर घेतलीस. मी खरं सांगितलं असतं तर सरकारदरबारी खोटारडा ठरला असतास. मग कुठली पाटी? तुझं खोटं मलाच खरं करावं लागलं. रोज जाऊन करावं लागलं." त्याने कोटाच्या बाहीने नाक पुसलं. "सोपं नव्हतं ते. पहिल्या दिवशी तर घशाखाली घोट उतरला नाही."

दिर्सेने केरसुणी भिंतीला टेकवली आणि म्हाताऱ्याला हात देऊन उठवलं. तिला रडू आवरेना, आणि तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

कार्नेइरो साहेब आले, या वेळी सर्दीशिवाय. अनाक्लेतोने बटण दाबलं, किल्ली फिरवली आणि फोर्मोझा पहिल्याच झटक्यात सुरू झाली. खिडक्यांतून टाळ्या पडल्या. नोनो गाडीच्या मागे गेला, टोपी काढून धुरापाशी वाकला आणि साहेबांकडे बघून म्हणाला, "लिहा साहेब, माल चांगला आहे."

पाटी लागली. ती पुढे कित्येक वर्षं भिंतीवर राहिली आणि त्या पाटीखालून निम्म्या गावाच्या गाड्या उसावर गेल्या. नोनो शेवटपर्यंत स्टुलावर बसून राहिला. गुत्त्यातली त्याची गोष्टही त्याने शेवटपर्यंत बदलली नाही, फक्त शेवटी एक वाक्य वाढवलं, "पण दुसऱ्या खेपेला मात्र पोराने पाणी नाही भरलं हं!"

आता नोनो नाही, फोर्मोझाही नाही. जूनच्या सकाळी अनाक्लेतो दारात बसलेला असतो. गल्लीत नवीन आलेला एखादा माणूस विचारतो, काका, तुम्हाला पाणीवाला का म्हणतात? दिर्से आतून ऐकत असते. तिला वाटतं, आता तरी हा खरं सांगेल.

अनाक्लेतो कॉफीचा पहिला घोट खुर्चीच्या पायाशी ओततो.

"पहिल्या तपासणीला मी टाकीत पाणी भरलं होतं," तो म्हणतो. "माझे वडील होते ना साक्षीला."