तेल्हाऱ्यापर्यंतची तपासणी

वकिली सुरू केल्यावर मी अकोल्यात एक जुनी मोटार घेतली. ती चालता चालता आचके देऊ लागली, म्हणून जठारपेठेतल्या मिस्त्रींना दाखवली. इंजिनाला कान लावून ते म्हणाले, "वकीलसाहेब, लांब चालवल्याबिगर दोष समजत नाई. तेल्हाऱ्यापरेंत जाऊन पाहू. तपासाचे पैसे मले नको, पेट्रोल तुमचं."

अकोटाच्या अलीकडेच गाडी बंद पडली. मिस्त्रींनी पेट्रोलच्या नळीत अडकलेला कचरा फुंकून काढला आणि ती सुरळीत धावू लागली.

"मग आता परत फिरू," मी म्हणालो.

मिस्त्री ओशाळले. "पोरगी देल्ली हाये तेल्हाऱ्याले, सासर हाये तिचं तिथं. दिवाळीपासून भेट नाई."

मी गाडी तेल्हाऱ्याकडे पुढे घेतली. मोटारीतून उतरणारा बाप पाहून लेक पिठाच्या हातांनीच धावत आली. मलाही तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही.