बूट घालून देणारा

इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलमधल्या ट्रेकिंगच्या दुकानातला तो म्हातारा स्वतः गुडघे टेकून बूट घालून द्यायचा, अंगठ्याने चवडा दाबून बघायचा आणि प्रत्येकीला तिकडच्या पद्धतीने लाडाने 'लव' म्हणायचा. एव्हरेस्ट बेस कॅम्पसाठी मी बूट त्याच्याकडूनच घेतले होते. विरळ हवेने डोकं असह्य दुखायला लागलं, आणि तसंच चालत राहिलं तर जिवावर बेतेल असं गाईड म्हणाला, म्हणून मी बेस कॅम्पच्या दोन दिवस अलीकडूनच परतले.

"पोचलीस ना?" परत आल्यावर दुकानात त्याने विचारलं, तेव्हा मात्र मी हो म्हणाले.

परवा त्याने एका मुलीला माझ्यापुढे आणलं.

"लव, हिला जरा सांग. पुढच्या महिन्यात निघालीय."

"वर डोकं दुखतं का?" तिने विचारलं.

"थोडंफार. चालत राहायचं," मी म्हणाले.

माझं वाक्य त्याने तिच्या बुटांच्या खोक्यावर सुबक अक्षरात लिहून दिलं. मी ते खोडायला सांगितलं नाही.